गोजरा कासारणीचं माप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, हे सावरखिंडीत कुणालाच नेमकं सांगता येत नाही. खिंडीच्या तोंडाशी ज्या सावरीच्या झाडाखाली ही गोष्ट सांगतात, ते झाड तेव्हा माणसाच्या कमरेएवढं होतं, इतकंच सगळे सांगतात. आज त्याच्या बुंध्याला तीन माणसांची कव लागते.

तेव्हा सावरखिंडीत गोजरा नावाची कासारीण राहायची. नवरा दूरच्या पेठेतून माल आणायचा आणि गोजरा डोक्यावर पेटारी घेऊन आसपासच्या अकरा वाड्यांत बांगड्या भरत हिंडायची. पेटारी दारात टेकली की जात्यावरच्या बायका जातं सोडून यायच्या. गोजराच्या बोटांत लोणी होतं, असं म्हणतात. ती हात हातात घ्यायची, अंगठ्याचं मूळ हलकेच आत दुमडायची, काहीतरी गमतीचं बोलायची, आणि बाई हसत असताना बांगडी मनगटावर गेलेली असायची. उभ्या आयुष्यात भरताना तिच्या हातून एक बांगडी फुटली नाही.

तिचा सगळा लौकिक लहान मापाचा. दुसऱ्या कासाराच्या हातून जे माप बोटांपुढे सरकणार नाही, ते गोजरा चढवायची. "हात आहे का केळीचा कोंब!" असं ती म्हणाली, की ती बाई आठ दिवस फुललेली असायची. बायका नाजूक मनगटाचा अभिमान बाळगायच्या. ते मनगट इतकं नाजूक कशानं झालं, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. गोजरालाही पडला नाही.

गोजराला एकच लेक. हौसा तिचं नाव. ती खिंडीपलीकडच्या गावी दिली होती. हौसाला सातवा महिना लागला, तेव्हा गोजरा हिरवा चुडा घेऊन पायी गेली. पहिलटकरणीचा चुडा आईच्याच हातानं भरायचा होता. तिनं मुद्दाम सगळ्यांत लहान माप नेलं होतं. दाबावं लागलं नाही, तेल लागलं नाही. बांगड्या आपल्या आपण सरकत गेल्या. गोजरा हरखली. म्हणाली, "माझ्या लेकीचा हात बघा! लोणी आहे, लोणी."

हौसा फक्त हसली.

नवव्या महिन्यात निरोप आला. गोजरा पोचली तेव्हा लेक गेली होती आणि बाळही गेलं होतं. लोकांनी तिला लेकीजवळ बसवलं. गोजरानं सवयीनं लेकीचा हात हातात घेतला आणि जरा उचलला. त्या सगळ्यांत लहान मापाच्या बांगड्या मनगटावरून निघाल्या त्या कोपराच्या वर जाऊन थांबल्या.

अकरा वाड्यांत तिनं हजारो हात हातात घेतले होते आणि स्वतःच्या लेकीचा हात तिला वाचता आला नव्हता. त्या दिवसापासून गोजरानं नाजूक हाताचं कौतुक केलं नाही.

पुढं वर्षभर तिची पेटारी खुंटीला होती. वर्षानं ती पुन्हा बाहेर पडली, तेव्हा तिची रीत बदलली होती. दारात पोटुशी बाई आली, की आधी ती एकच हिरवी बांगडी तिच्या हातात घालायची आणि म्हणायची, "हात वर कर, बाई." बांगडी मनगटाखाली चार बोटांवर थांबली, तर गोजरा मान डोलवायची. कोपराकडं धावली, तर पेटारी बंद करायची आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसायची. सुजेनं हात भरलेला असेल, तर अंगठा दाबून बघायची. खळगा राहिला, की म्हणायची, "हे मांस नव्हं. आजच वैद्याकडं न्या."

तेव्हा या मुलखात घरची सून सगळ्यांच्या मागून जेवायची. पोटुशी असली तरी मागूनच. पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू जेवली, की टोपल्यात उरेल ते तिचं. गोजरा हात धरून काल काय खाल्लं ते सांगायची, असं म्हणतात. एका वाडीत एक सून सासूच्या धाकानं म्हणाली, "काल भाकरी आन् भरलं वांगं जेवले, मावशी."

गोजरा म्हणाली, "वांगं सासऱ्यानं खाल्लं, गं. तुझ्या हातात देठ दिसतंय."

अंगणातल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या सुनेच्या ताटात आख्खं वांगं होतं.

गोजरा काही नवल सांगत नव्हती. जे त्या मातीत येतं तेच सांगायची. नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. शेवग्याचा पाला दारातच असतो, तो डाळीत घाल. हुलग्याचं माडगं पी. तीळ-गूळ मुठीत ठेव आणि काम करता करता खा. ज्या घरी खरंच काही नसायचं, तिथं ती पेटारीच्या तळचं फडकं सोडायची. एका दारी सुपात मिळालेलं धान्य दुसऱ्या दारी उतरायचं. फडकं सोडलं की त्यात नेमकं त्या बाईला हवं तेच निघायचं, आणि अकरा वाड्या फिरूनही ते कधी रितं झालं नाही, असं म्हणतात.

अशी काही वर्षं गेली आणि पाटलांच्या घरात सुनेला दिवस राहिले.

सुनेचं नाव जिऊ. घरात दुभतं होतं, कोठारात कणग्या भरलेल्या होत्या. सातव्या महिन्यात ओटी भरायची ठरली. अकरा वाड्यांना आवतण गेलं. अंगणात मांडव पडला, बायका जमल्या. जिऊला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं आणि चुडा भरायला गोजराला बोलावलं. गोजरानं एक बांगडी घातली आणि म्हणाली, "हात वर कर, बाई."

बांगडी कोपरापर्यंत खुळखुळत गेली. सगळ्या मांडवानं तो आवाज ऐकला.

गोजरानं पेटारीची दोरी बांधली. "हा चुडा मी भरणार नाही," ती म्हणाली.

हिरव्या चुड्याशिवाय ओटी भरत नाहीत. आणि एका कासारानं ज्या हाताला नकार दिला, तो हात दुसरा कासार धरत नाही, असा कासारांचा नेम होता. पाटलीणबाईंचं नाव आवडाबाई. त्यांच्यापुढं गावात कुणी मान वर करत नसे. त्या उठून उभ्या राहिल्या.

"गोजरे, माझ्या दारात माझं नाक कापतीस? माझ्या घरात खायला नाही, असं सांगतीस चार बायकांत?"

"खायला हाय, पाटलीणबाई. म्हणून तर इचारते. मग हिच्या हातावर का न्हाई?"

आवडाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "मी दोन घासांवर ठेवलीय तिला. माझ्या थोरलीला पहिल्या खेपेला माझ्या हातानं तूप-रोटी भरवली. मीच म्हणाले, राजासारखं बाळ होऊ दे. बाळ राजासारखं झालं. तीन दिवस अडली ती. माझ्या मांडीवर गेली, गोजरे. मी भरवलं म्हणून गेली. आता हिला कशी भरवू?"

आवडाबाईंची थोरली लेक बाळंतपणात गेली, हे गावाला ठाऊक होतं. सुनेचं ताट त्यांनी का आवरलं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पोट लहान, बाळ लहान, बाळंतपण सोपं, असं तेव्हा पुष्कळ जण मानायचे.

गोजरा खाली बसली आणि जिऊचा हात पुन्हा हातात घेतला. "माझ्या लेकीला कुणी भरवलं न्हाई," ती म्हणाली. "ती बी गेली. का गेली ते तुम्हाला ठावं न्हाई आन् मला बी ठावं न्हाई. पर पाटलीणबाई, तीन दिवस झुंजायला तुमच्या लेकीच्या अंगात बळ तरी होतं. माझी अर्धा दिस टिकली न्हाई."

गोजरानं ती एक बांगडी जिऊच्या हातात तशीच ठेवली. "आठ-आठ दिवसांनी येईन. बांगडी चार बोटांवर थांबली, की त्याच दिवशी चुडा भरीन. आन् बाळंतपणाला मी हिच्या उशाशी बसेन. काही वाईट झालं, तर पेटारी नदीत सोडीन आन् पुन्हा कुणाचा हात धरणार न्हाई."

मांडव तसाच उभा राहिला. पाटलांनी तो काढायला सांगितलं, पण आवडाबाई म्हणाल्या, "राहू द्या."

त्या दिवशी पाटलांच्या घरात पहिलं ताट सुनेचं वाढलं. म्हातारे पाटील पाटावर बसून राहिले आणि सून घास घेते का ते बघत राहिले. जिऊला लाज वाटून घास उचलेना. तेव्हा पाटील म्हणाले, "पोरी, लवकर जेव. मला भूक लागलीय." मग ती हसली, आणि जेवली.

गोजरा आठव्या दिवशी आली. बांगडी कोपराच्या अलीकडं एक बोट थांबली. पुढच्या खेपेला आणखी एक बोट. मांडवावरचे आंब्याचे डहाळे वाळले, नवे बांधले, तेही वाळले. लोक शेतावर जाताना वाकून विचारायचे, "आज कुठवर आली?" अख्खं गाव त्या एका बांगडीची वाट पाहत होतं. आठवा महिना सरता सरता एका सकाळी जिऊनं हात वर केला, आणि बांगडी चार बोटांवर येऊन अशी थांबली, जशी गाय आपल्या दावणीला थांबते. त्याच मांडवात, त्याच दुपारी, ओटी भरली. चुडा चढवताना गोजराला आता जिऊचा हात दाबावा लागला. जिऊ "आई गं" म्हणाली, आणि सगळ्या बायका आनंदानं हसल्या.

बाळंतपण सोपं झालं नाही. सकाळी कळा लागल्या, दुपार कलली तरी सुटका नव्हती. दाराबाहेर आवडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोजरा उशाशी होती. तिनं आपला हात जिऊला धरायला दिला होता. सुईण म्हणाली, "आता सगळं बळ लाव." जिऊनं गोजराचं मनगट असं आवळलं, की गोजराच्या हातातल्या सगळ्या बांगड्या एका दमात फुटल्या आणि काचा मनगटात शिरल्या. गोजरानं हात सोडवला नाही. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. "माझ्या वाढल्या तर वाढू दे," ती म्हणाली. "तुझा चुडा शाबूत हाय. लाव बळ!"

आणि बाळ रडलं.

मुलगी होती. अंगानं भरलेली, राजासारखी. जिऊच्या हातातली एकही बांगडी तडकली नव्हती. सुईण पुढं म्हातारपणापर्यंत सांगायची, की ते रडणं खिंडीपलीकडच्या गावापर्यंत ऐकू गेलं.

बांगड्या भरून झाल्यावर बाई कासाराला नमस्कार करते, मग ती कितीही मोठ्या घरची असो. आवडाबाई आत आल्या. त्यांनी गोजराच्या मनगटातले काचेचे तुकडे एकेक करून वेचले, हळद लावली, फडकं बांधलं. मग आपली बांगड्यांची डबी काढून त्यांनी स्वतः गोजराच्या हातात बांगड्या भरल्या. भरायची सवय नसलेला हात, दोन फुटल्या. आणि या खेपेला नमस्कार भरणारीनं, आवडाबाईंनीच केला.

"तुझ्या लेकीचं नाव काय होतं, गोजरे?" त्यांनी विचारलं.

ते नाव किती वर्षांत गोजरानं उच्चारलं नव्हतं, आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "हौसा."

बाराव्या दिवशी पाळण्यातल्या मुलीच्या कानात आत्येनं तेच नाव सांगितलं.

गोजराचं काम तिथं संपलं नाही. सव्वा महिनाभर ती आठवड्याला येऊन जिऊची बांगडी बघत राहिली. बाळंतिणीला पातळ पेजेवर ठेवायची रीत तिनं मोडून काढली. बाजरीची भाकरी तुपात कुस्करून, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, आणि तहान लागेल तेवढं ऊन पाणी. ती म्हणायची, "हिची बांगडी सैल झाली, की बाळाचं दूध सैल झालं." मग ती रीत पाटलांच्या घरातून शेजारी गेली, शेजारून वाड्यांवर गेली. गोजरा खूप म्हातारी होऊन गेली. ती गेली त्या दिवशी अकरा वाड्यांत कुठल्याच पोटुशीची बांगडी चार बोटांच्या पुढं सरकली नाही, असं म्हणतात.

आता सावरखिंडीत सडक आहे, दवाखाना आहे. नर्सबाई गोळ्या देतात, वजन करतात आणि कागदावर लिहितात. ते सगळं गाव मानतं. पण पाचवा महिना लागला, की सावरीच्या झाडाखाली बसणाऱ्या कासाराकडून एक हिरवी बांगडी घरी येते. ती पोटुशीच्या हातात घालतात आणि म्हणतात, "हात वर कर, बाई." त्याला गोजराचं माप म्हणतात. पाटलांच्या घरात प्रत्येक पिढीत एक तरी हौसा असते, आणि माप घालायचा मान तिचा.

आणि गावात लग्न असो, बारसं असो, आमदार जेवायला आलेला असो, पंगत मांडली की पहिली पानं पोटुशांची आणि बाळंतिणींची. पानं वाढून होतात, सगळे हात आवरून बसतात. परगावचा पाहुणा घाईनं भाताला हात घालायला जातो, तर शेजारचा त्याचा हात धरतो आणि म्हणतो, "थांबा पाव्हणं. वाजू दे."

मग कुठल्यातरी पानावर पहिला घास उचलला जातो. हिरवी बांगडी ताटाच्या काठाला लागून वाजते. मग सावरखिंड जेवते.