राणीचे जिवंत दगड

डोंगरावरच्या एका राज्यात एक राजा होता. राजा वाईट नव्हता हो, पण भारी रागीट. राजवाड्यामागे एक उंच कडा होता. कुणाच्या हातून मोठी चूक झाली की राजा ओरडे, "द्या ढकलून!" मग तो माणूस पुन्हा कुणाला दिसत नसे. त्यामुळे राज्यात सगळी कामं वेळेवर होत, आणि राजाला वाटे, प्रजेचं आपल्यावर किती प्रेम!

राजवाड्यात एक रीत होती. दिवस मावळताना प्रत्येक माळ्यानं आपली घागर कारभाऱ्यापुढे पालथी करून दाखवायची. घागर रिकामी म्हणजे काम झालं. घागरीत पाणी उरलं म्हणजे माळी कामचुकार.

राणीचा एकुलता एक भाऊ दर्यावर्दी होता. एकदा तो दूरदेशाहून तिच्यासाठी परातभर वाळू-खडी घेऊन आला. खडीत छोटे छोटे गोटे रोवलेले. राणी हसली. म्हणाली, "दादा, दगड कसले आणलेस? आमच्या डोंगरात कमी आहेत का?"

"हात तर लावून बघ," भाऊ म्हणाला.

राणीनं बोट लावलं आणि दचकली. गोटा मऊ होता. ते रोप होतं! दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर. बघणाऱ्याला वाटावं, नदीतला गोटाच.

भावानं म्हाळू माळ्याला बोलावून नीट समजावलं. "पावसाळ्यात ही छपराखाली ठेव. पाऊस सरला की चिरेतून फुलं येतील, तेव्हा थोडं पाणी दे. थंडीत मात्र थेंबही नको. तेव्हा जुनी पानं आपल्या पोटातलं पाणी आतल्या नव्या पानांना पाजतात आणि स्वतः सुकतात. बघणाऱ्याला वाटतं, रोप मेलं. मेलेलं नसतं रे, बाळंत होत असतं. त्या वेळी पाणी घातलंस, तर कुजेल. जुनी पानं वाळून कागद झाली की पाणी पुन्हा सुरू कर. आणि कडक उन्हाळ्यात सावली दे, फार तर चार शिंतोडे."

म्हाळूनं सगळं ध्यानात ठेवलं. भाऊ पुन्हा दर्यावर गेला. त्याचं गलबत काही परत आलं नाही.

राणीनं अन्नपाणी टाकलं. जेव्हा तेव्हा ती त्या परातीपाशी जाऊन बसे. आश्विनात गोट्यांच्या चिरांतून पांढरी, पिवळी फुलं उमलली, आणि किती दिवसांनी राणीच्या तोंडावर हसू आलं. ते पाहून राजा गहिवरला. पण गहिवर आला तरी जीभ तीच! तो म्हणाला, "म्हाळू, या परातीत राणीचा जीव आहे. यातलं एक जरी रोप मेलं, तरी तुला कड्यावरून ढकलून देईन."

पौषातली थंडी पडली. गोटे सुरकुतू लागले. म्हाळूला ठाऊक होतं, हे असंच व्हायचं. पण ठाऊक असून काय उपयोग? त्याला डोळ्यांपुढे कडाच दिसे. त्या संध्याकाळी कारभारी त्र्यंबकपंतांनी त्याची घागर पाहिली. ती काठोकाठ भरलेली.

"हे काय रे? पाणी नाही घातलंस?"

"पंत, थंडीत त्यांना पाणी नसतं. राणीसाहेबांच्या भावानंच सांगितलंय."

"तो सांगून गेला, आणि मान माझी अडकली! रोपं सुकलेली, घागर भरलेली. महाराजांनी विचारलं तर मी काय सांगू? तुझ्याबरोबर मलाही कड्यावर नेतील."

घरी आल्यावर म्हाळूनं सगळं सांगितलं. बायको ठकू म्हणाली, "अहो, नुसती वाळू तेवढी ओली करा. निदान दिसेल तरी, की घातलंय म्हणून."

"अगं, कुजतील ती."

"कुजू देत. मला तुम्ही हवे आहात, दगड नकोत!" असं म्हणून ठकू रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि परातीत ओंजळभर पाणी सोडलं. बाकीचं जास्वंदीला ओतून रिकामी घागर पंतांना दाखवली. ओंजळभरानं काय होतंय, असं त्यानं मनाला बजावलं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! गोट्यांच्या सुरकुत्या रोज वाढत, आणि रोज म्हाळूची ओंजळ परातीवर रिकामी होई.

तो एकटाच होता म्हणता? छे! पंतांनाही चैन नव्हतं. सकाळी कुणी नाही असं पाहून ते हळूच तांब्याभर पाणी ओतून जात. राणीची दासी कुसाई, तिचीही पाचावर धारण बसलेली. ती दुपारी पदराआडून वाटीभर ओती. जो तो चोरून घाली, आणि जो तो समजे, आपण घातलं म्हणून बरं.

एके दिवशी राणीनं नेहमीसारखं एका गोट्याला बोट लावलं. तो सडक्या चिकूसारखा पिचला. तिनं दुसऱ्याला हात लावला, तिसऱ्याला लावला. सगळे आतून सडलेले, आणि खालची वाळू चिंब ओली. राणीची किंकाळी साऱ्या राजवाड्यानं ऐकली.

म्हाळूला शिपायांनी ओढत कड्यावर नेलं. मागे ठकू ऊर बडवत होती. राजा गरजला, "थंडीत पाणी घालायचं नाही, हे तुला ठाऊक होतं ना?"

"होतं, महाराज."

"मग का घातलंस?"

म्हाळूनं खाली दरीकडे पाहिलं. आता आणखी कशाला भ्यायचं? तो म्हणाला, "सुकलेली दिसली असती तर तुम्ही ढकललं असतं, म्हणून घातलं. रोपं कशी वाचवायची ते मला ठाऊक होतं, महाराज. पण मी स्वतःला वाचवत होतो."

कुसाई पुढे आली. "मीही घातलं हो," ती हुंदके देत म्हणाली. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनीही हात जोडले. "महाराज, मीही."

शिपाई राजाच्या हुकमाची वाट पाहत होते. पण राजाचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारण कालच देवपूजा करून येताना त्यानं चांदीच्या गडव्यातलं सगळं पाणी त्याच परातीत ओतलं होतं. रोपं गेली तर राणीही जाईल, या भीतीनं.

"मीसुद्धा घातलं," राजा पुटपुटला.

राणी परात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "माझ्या दादाला समुद्रानं नेलं. त्याची एवढी एक आठवण होती, ती तुमच्या कड्यानं नेली. आता सांगा महाराज, आधी कुणाला ढकलायचं?"

राजाची मान खाली गेली. शिपायांनी म्हाळूचे हात सोडले. राणी सडक्या रोपांची परात घेऊन एकटीच राजवाड्याकडे चालू लागली, आणि तिच्यामागून जायची राजाची हिंमत झाली नाही.

तात्पर्य: जे जिवापाड जपायचं असेल, त्याच्या राखणीला कधी भीती बसवू नये; भ्यालेला माणूस आधी स्वतःला राखतो.