टिचकी पाल आणि डावा दिवा

विषय : मोटारीचा डावा दिवा न पेटण्याबाबत.
अर्जदार : टिचकी. पालीचं पिल्लू. शेपटीसकट बोटाएवढं.
मागणी : रोजचं जेवण.

तर झालं असं.

नानासाहेब उपळेकरांची एक जुनी मोटार होती. काळी. गोल डोळ्यांची. ती कुठेच जात नसे. रोज तिन्हीसांजेला नानासाहेब तिचे दोन दिवे लावत. शेजाऱ्यांना दिसावेत म्हणून. दिव्यांपाशी किडे येत. उजव्या दिव्याचे किडे मोठी पाल खाई. डाव्या दिव्याचे किडे टिचकी खाई.

एक दिवस डावा दिवा मिणमिणला. मिण... मिण... विझला. किडे सगळे उजवीकडे गेले.

"मोठी मावशी, मला एक दे ना!"

"ही माझी बाजू," मोठी पाल म्हणाली. गट्ट!

टिचकीचं पोट रिकामं. ती निघाली. सुळुक सुळुक.

"दिवेदादा, दिवेदादा, पेटा ना! माझं पोट भरेना!"

"मी नाही पेटणार. वीज येते, पण तिला परत जाता येत नाही. काळी वायर वाट देईना. तिला आधी सांग."

सुळुक सुळुक.

"वायरताई, वायरताई, वाट दे ना! दिवा पेटेना, माझं पोट भरेना!"

"मी नाही देणार. नट मला धरेना. त्याला आधी सांग."

सुळुक सुळुक.

"नटकाका, नटकाका, धरा ना! वायर वाट देईना, दिवा पेटेना, माझं पोट भरेना!"

"मी नाही धरणार. दर दसऱ्याला नानासाहेब मोटारीच्या नाकावर नारळ फोडतात. पाणी सगळं माझ्या डोक्यावर. पूजा मोटारीची, गंज मला! काचकागद घासेना. त्याला आधी सांग."

सुळुक सुळुक.

"कागदभाऊ, कागदभाऊ, घासा ना! नट धरेना, वायर वाट देईना, दिवा पेटेना, माझं पोट भरेना!"

"मी नाही घासणार. मला काय हात आहेत? मिस्त्री उठेना. त्याला आधी सांग."

सुळुक सुळुक.

दस्तगीर मिस्त्री स्टुलावर चहा पीत होता. फुर्र फुर्र. त्याला पालीची भाषा कळे. त्याचा अर्धा जन्म मोटारीखाली गेला होता.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, उठा ना! कागद घासेना, नट धरेना, वायर वाट देईना, दिवा पेटेना, माझं पोट भरेना!"

"मी नाही उठणार, बेटा. मी म्हटलं, साहेब, नट गंजलाय. साहेब म्हणाले, बल्ब बदल. तीन बदलले! साहेब ऐकेनात. त्यांना आधी सांग."

सुळुक सुळुक.

नानासाहेब खुर्चीत बसले होते. बायकोला, माईसाहेबांना, सांगत होते, "आपल्या मोटारीत दोष? शक्यच नाही!"

"नानासाहेब, नानासाहेब, ऐका ना! मिस्त्री उठेना, कागद घासेना, नट धरेना, वायर वाट देईना, दिवा पेटेना, माझं पोट भरेना!"

खुर्चीतल्या माणसांना पालीची भाषा कळत नाही. त्यांना नुसतं ऐकू आलं, चुक चुक!

"कृष्ण कृष्ण!" माईसाहेबांनी खुर्चीवर बोट वाजवलं. टक टक. "पाल चुकचुकली हो! काहीतरी बिघडलंय नक्की. त्या मिस्त्रीचं ऐका जरा."

नानासाहेब घाबरले. मिस्त्रीचं त्यांनी ऐकलं नव्हतं. चुकचुकण्याला मात्र भ्याले.

मग साहेबांनी ऐकलं. मिस्त्री उठला. कागदाने घासलं, खर्र खर्र! नटाने धरलं, घट्ट! वायरीने वाट दिली. दिवा पेटला, लख्ख! किडे आले, भुण भुण! टिचकीने एक खाल्ला, गट्ट!

टिचकीचं पोट भरलं.

नानासाहेब खूश. "वा! नारळ आणा, नारळ!"

"साहेब, नाकावर नको," मिस्त्री म्हणाला. "खाली दगडावर फोडा."

"मोटार माझी की तुझी रे?"

फट्!

पाणी नटाच्या डोक्यावर. टप टप टप.

नट पुन्हा गंजू लागला.

थोडे दिवस गेले. मिण... मिण... विझला.

सुळुक सुळुक.

"दिवेदादा, दिवेदादा, पेटा ना! माझं पोट भरेना!"

"मी नाही पेटणार. काळी वायर वाट देईना. तिला आधी सांग."

टिचकीचा अर्ज पुन्हा वायरीकडे गेला आहे. वायरीने तो नटाकडे पाठवला आहे. नानासाहेब चौथा बल्ब आणायला गेले आहेत.

अर्ज प्रलंबित आहे.