लोणचेवालीचं रुंद अंग

फोन नुकतेच हुशार झाले, माणसं होती तशीच राहिली, तेव्हाची गोष्ट. ‘लोणचेवाली’ नावाची एक ऐसपैस, नटवी वेबसाइट पाहुण्यांची वाट बघून झुरत होती. शेवटी तिनं लोकांना पत्ते सांगणाऱ्या शोधयंत्राला विचारलं, “मामा, मला मागच्या रांगेत का बसवलंत?”

“अगं महामाये, लोक येतात फोनवरून. तुझी अक्षरं मुंगीएवढी, पान आडवं सरकवून बोटं दुखतात. वैतागून परत फिरतात बिचारे. मग तुझा पत्ता कशाला सांगू?”

लोणचेवाली रुसली. बरण्यांचा तो आडवा, लांबलचक फोटो म्हणजे तिचा जीव की प्राण! पण एकटेपण जास्त झोंबलं. तिनं फोटो आवरला, अक्षरं मोठी केली, अंग चोरून उभी राहिली.

मामानं तिला जरा पुढे घेतलं. एके दुपारी कुणाचा तरी अंगठा आला, कैरीपाशी थबकला आणि सावकाश खाली उतरू लागला. तो परत फिरेल या धास्तीनं लोणचेवालीनं श्वाससुद्धा घेतला नाही.