पोटातले साक्षीदार

वाघदरीच्या रणधीरराजांनी परमुलखातून पांढऱ्या गाईंचा कळप आणला आणि सगळ्या दरबाराचं पोट बिघडलं! गाई देखण्या, घागरी भरभरून दूध देणाऱ्या. राजाचा हुकूमच सुटला की यापुढे प्यायचं ते हेच दूध, आणि वर छान आहे म्हणायचं! दरबारी मंडळी रोज पेलाभर दूध पीत, "अमृत, महाराज, अमृत!" म्हणत आणि धोतर सावरत घराकडे पळत. इतकी लाचार माणसं एका छपराखाली क्वचितच जमली असतील.

ठकू गवळणीनं मात्र भर बाजारात सांगून टाकलं, "त्या दुधानं पोट फुगतंय. माझ्या तांबड्या गाईंचं प्या!" झालं! तिच्या गाई कोंडवाड्यात गेल्या आणि ती दरबारात उभी राहिली.

"महाराजांच्या गाईंना नावं ठेवतेस?" दिवाण गुरगुरला.

"गाईंना कशाला ठेवू? गुणाच्या हायत त्या. पन म्हाराज, आपल्या पोटात बारीक जीव नांदत्यात. डोळ्यांना दिसत न्हाईत. विरजनात दुधाचं दही करनारे असत्यात ना, त्यांचेच भाऊबंद. येका गाईचं दूध त्यांना मानवतं, दुसरीचं आलं की दंगा करत्यात."

"माझ्या पोटात, माझ्या परवानगीशिवाय?" राजानं हसत विचारलं. दरबार खो खो हसला. राजा हसला की हसायचा पगार मिळायचा त्यांना. "ठीक आहे! उद्या त्यांना इथं साक्षीला उभं कर. सगळ्यांना ऐकू जाईल अशी साक्ष हवी. नाही जमलं, तर तुझ्या गाई लिलावात!"

ठकूच्या घरची चूल त्या गाईंवर पेटायची. तरी तिनं पदर खोचला.

"आनते की! पन साक्षीचा नेम समद्यांनी पाळायचा."

नेम राजानंच घालून दिला होता. साक्ष चालू असताना कुणी बोलायचं नाही आणि कुणी जागचं उठायचं नाही.

"मीसुद्धा पाळीन!" राजा ऐटीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठकूनं कोंडवाड्यात जाऊन आपल्या गाईंची धार काढली. दरबारात डाव्या रांगेला तिनं ते दूध दिलं. उजव्या रांगेला, राजा आणि दिवाणासकट, पांढऱ्या गाईंचं दिलं. पेले रिकामे झाले.

"आता साक्षीदार येतील," ठकू म्हणाली आणि खांबाला टेकून बसली.

सगळे गप्प. कुणी येईना, कुणी जाईना. दिवाण मिशीत हसायला लागला, तेवढ्यात त्याच्याच पोटातून आवाज आला, "गुडगुड!" मग सेनापतीचं पोट बोललं, "गुर्रर्र!" बघता बघता सगळी उजवी रांग गडगडायला लागली. डाव्या रांगेत मात्र सगळं निवांत. एकाला तर डुलकी लागली होती.

आणि मग सिंहासनावरून आवाज आला, "घुडूम्!"

राजाच्या कपाळावर घाम फुटला. तो अर्धवट उठला. "आम्ही जरा आत जाऊन…"

"बसा म्हाराज!" ठकू कडाडली. "साक्ष चालू हाय! समद्यांत मोठा साक्षीदार तर तुमचाच. त्याला मधेच तोडून कुठं निघालात?"

राजा बसला. वळवळला. पुन्हा "घुडूम्!"

"मान्य! साक्ष मान्य! गाई सोडा हिच्या!"

"उलटतपासनी न्हाई घ्यायची दिवानजींना?"

दिवाण केव्हाच दाराबाहेर पोचला होता.

बऱ्याच वेळानं राजा परतला, सिंहासनावर टेकला आणि खदखदून हसला. "इतकी वर्षं माझ्या दरबारात तोंडं खोटं बोलत होती. आज पोटं खरं बोलली!" त्यानं ठकूला नदीकाठचं कुरण बक्षीस दिलं आणि वाड्यावर दूध घालायचं कामही तिलाच सोपवलं. "पण बाई, माझ्या पांढऱ्या गाईंच्या दुधाचं काय करू?"

"त्यांच्या वासरांना पिऊ द्या की, म्हाराज! त्यांची पोटं कधी तक्रार घेऊन आली न्हाईत."

राजा पुन्हा पोट धरून हसला. या वेळी पोट मात्र गप्प होतं.