चाचणीची सीडी

घरोघरीच्या कॅसेटी सीडीवर उतरवून घ्यायचे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. वसंतरावांच्या दुकानात एक सीडी रायटर होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी वसंतराव त्याच एका कोऱ्या सीडीवर त्याची चाचणी घेत. सीडी गरगर फिरायची, गाणं तिच्यावरून जायचं, पण रायटर आपला लिहिणारा किरण मंदच ठेवायचा. त्यामुळे ती कोरीच बाहेर यायची.

"एकदा तरी खरं लिही ना रे," ती म्हणायची.

"वेडी आहेस. एकदा लिहिलं की जन्मभर तेवढंच. आता रोज नवं गाणं मिळतंय तुला."

"मिळतं कुठे? अंगावरून जातं नुसतं."

एके दिवशी चिंतामणी मास्तर जुनी कॅसेट घेऊन आले. त्यात त्यांनी बेसूर भजन म्हटलं होतं आणि मधेच मागून त्यांची बायको म्हणाली होती, "अहो, चहा निवतोय." ती आता हयात नव्हती. दुकानातल्या नव्या सीडी संपल्या होत्या, म्हणून वसंतरावांनी चाचणीचीच उचलली.

"बघ हं, गाणं धड नाही," रायटर कुजबुजला. "नको असेल तर मी अडखळतो. मास्तर उद्या येतील, तोवर नव्या सीडी येतील."

"पेटव," ती म्हणाली.

मास्तर तिला छातीशी धरून गेले. रायटरचा ट्रे मात्र संध्याकाळपर्यंत उघडाच राहिला. हजारो गाणी लिहिली होती त्याने. त्यातलं एकही त्याच्यापाशी नव्हतं.