रसाचा आग्रह

अकोल्याची कौमुदी सून होऊन रत्नागिरीला आली. तिच्या माहेरी पहिलं ‘नको’ लाजेखातर म्हणायचं असतं, वाढणारा ते मनावर घेत नाही. इथे पहिल्याच पंगतीत आत्येसासूबाईंनी “रस हवा?” विचारलं, ही “नको” म्हणाली आणि हापूसच्या रसाचं पातेलं पुढे गेलं!

“आमच्याकडे एकदाच विचारतात,” आत्याबाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “सूनबाई, उखाणा घे.”

“नको.”

“घे गं, लाजतेस काय?”

“नको, आत्याबाई.”

“अगं, माझ्यासाठी तरी घे!”

कौमुदी हळूच म्हणाली, “उखाण्याला तीनदा विचारलंत. मग रसाचे दोन आग्रह अजून बाकी आहेत ना?”

पंगत खदखदून हसली. आत्याबाई पातेलं घेऊन आल्या.

“अर्धीच वाटी हं,” कौमुदी म्हणाली.

त्यांनी काठोकाठ भरली.