पंख्याची घरघर

घरोघरी रेडिओ होते आणि बिघडले की लोक ते दुरुस्त करून घ्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शेजारच्या पेडणेकरांच्या कामाच्या टेबलावर वीजपुरवठ्याची एक लोखंडी पेटी होती. ती तापू नये म्हणून तिच्या पाठीत छोटा पंखा बसवलेला होता, आणि तो फिरताना फार आवाज करायचा.

"गप्प बस ना मेल्या," पक्कड रोज म्हणायची.

"राहू दे गं," पेचकस हसायचा. "घरघर लागलीय त्याला. आता थोडेच दिवस."

पंख्याला त्या दोघांच्या गप्पांत बसायचं होतं. घरघर मरायला टेकलेल्याला लागते, हे त्याला ठाऊक होतं. तो इतका दुखावला, की फिरायचाच थांबला.

पेटी तापली. जळका वास सुटला, तसे पेडणेकर धावत आले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"टाकून द्या हो तो पंखा," आतून वहिनी म्हणाल्या.

"अगं, तेल सुकलंय नुसतं."

पेडणेकरांनी ब्रशनं धूळ झाडली, आसाला तेलाचा थेंब दिला आणि बटण पुन्हा लावलं. पंखा फिरू लागला, अगदी बिनआवाजी. आता आपल्याला जवळ करतील, म्हणून तो वाट बघत राहिला.

पक्कड आणि पेचकस मात्र आपल्याच गप्पांत होते. बऱ्याच वेळानं पक्कडीनं विचारलं, "का रे, तो पंखा गेला वाटतं?"

"गेला असेल बिचारा," पेचकस म्हणाला.

त्यांच्या मागेच पंखा फिरत होता. पेटी गार होती.